मेल सर्व्हरवर आहे, आउटलुकमध्ये नाही

आमचं वर्कशॉप भोसरी एमआयडीसीत आहे. सीएनसी टर्निंग, थोडं मिलिंग, मोठ्या कंपन्यांच्या व्हेंडरांचं जॉबवर्क. मी अकाउंट्स बघते. पण छोट्या ऑफिसात ज्याच्या टेबलावर कॉम्प्युटर त्याच्याच गळ्यात मेल, त्यामुळे कंपनीच्या नावाचा मेल-आयडीही माझ्याकडेच. पीओ (खरेदीची ऑर्डर), ड्रॉइंग, अमेंडमेंट, रिजेक्शन नोट, ट्रान्सपोर्टवाल्याचं बिल, सगळं त्या एकाच आयडीवर येतं.

भानगड कळली ती कस्टमरच्या क्वालिटीवाल्याचा फोन आला तेव्हा. ‘‘मॅडम, रेव्ह सी सोमवारीच पाठवलंय. तुम्ही अजून रेव्ह बीवरच पार्ट काढताय का?’’ रेव्ह म्हणजे ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती. नव्या ड्रॉइंगमध्ये बोअरचा टॉलरन्स बदलला होता. नशीब, मशीनवर अजून सेटिंगच चालू होतं. आउटलुक, म्हणजे माझ्या कॉम्प्युटरवरचा मेलचा प्रोग्रॅम, उघडून बघितलं, मेल नाही. जंकमध्ये नाही. सर्चमध्ये नाही. मग ब्राउझरमधून होस्टिंगच्या (ज्यांच्या सर्व्हरवर आमचे मेल येतात त्यांच्या) वेबमेलला गेले, तर पहिल्याच पानावर तो मेल ठळक अक्षरांत बसलेला. सोबत १५ एमबीची झिप. त्याच्या वर अजून बरेच मेल, तेही आउटलुकमध्ये नव्हते.

झिप तिथूनच उतरवून शॉपमध्ये ड्रॉइंग दिलं आणि मग शांतपणे बसले. मेल सर्व्हरपर्यंत पोचतोय म्हणजे कस्टमरकडून काही चुकलेलं नाही, डोमेन चालू आहे, स्पॅम फिल्टरने गिळलेलं नाही. अडलंय ते सर्व्हर ते माझा कॉम्प्युटर या शेवटच्या तुकड्यात. मेल येत नाही अशी तक्रार कुणीही केली की मी आता पहिल्यांदा वेबमेल उघडायला सांगते. त्याशिवाय पुढचं काही बोलण्यात अर्थ नसतो.

आउटलुकमध्ये सेंड-रिसीव्ह दाबलं की छोटे मेल पटापट यायचे, मग पट्टी एका जागी थांबायची, आणि थोड्या वेळाने एरर: पॉप सर्व्हरच्या उत्तराची वाट बघता बघता वेळ संपली, शेवटी ४२१०ए असलेला लांबलचक कोड. पॉप किंवा पॉप३ म्हणजे सर्व्हरवरचे मेल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची पद्धत. आणि गंमत म्हणजे पुढच्या वेळी तेच छोटे मेल परत यायचे. बँकेचं स्टेटमेंट परत, बिल परत, कुणाचं तरी ‘ओके, नोटेड’ परत. इनबॉक्समध्ये एकाच मेलच्या ओळीखाली ओळी. काकांना (म्हणजे आमच्या मालकांना, त्यांना सगळं शॉप काकाच म्हणतं) वाटलं ट्रान्सपोर्टवाला पैशासाठी मागे लागलाय. त्याला फोन करून दोन शब्द सुनावलेसुद्धा.

होस्टिंग कंपनीला फोन केला. तिथल्या मुलाने क्वोटा बघितला, पासवर्ड बदलायला लावला आणि ‘आमच्या एण्डने सगळं ओके आहे’ म्हणाला. खरंच ओके होतं म्हणा. जाता जाता त्याने एक गोष्ट मात्र कामाची सांगितली: अकाउंटच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये सर्व्हर टाइमआउटची पट्टी असते, ती १ मिनिटावरून १० मिनिटांवर सरकवा. सरकवली. पट्टी पूर्वीसारखीच थांबली, बराच वेळ एक अक्षर हललं नाही, आणि मग एकदम अख्खा मेल धप्पकन आला. त्याच्या पुढचा मोठा मेल मात्र तरीही तुटला.

हे ‘बराच वेळ काहीच नाही, मग एकदम सगळं’ मला खटकलं. नेट स्लो असेल तर मेल हळूहळू येईल, पट्टी थोडी थोडी सरकेल. इथे तसं नव्हतं. शिवाय तीच झिप वेबमेलमधून चहा गार व्हायच्या आत उतरली होती.

बिघाड एखाद्या खराब मेलमुळे आहे का हे बघायला एक साधी युक्ती केली. पॉप३ला सर्व्हरवरचा फक्त इनबॉक्स दिसतो, बाकीचे फोल्डर त्याच्या लेखी नसतातच. म्हणून वेबमेलमध्ये ‘अडकलेले’ नावाचं फोल्डर केलं आणि तो मोठा मेल त्यात ढकलला. आउटलुकने पुढचे सगळे मेल सुरळीत ओढले आणि पुढच्या मोठ्या मेलपाशी पुन्हा मान टाकली. तोही बाजूला केला, पुन्हा तेच. म्हणजे मेल खराब नव्हता, भारी मेल अडत होते.

मग आमचा हार्डवेअरवाला आला. चांगला मुलगा आहे, पण त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर तीनच औषधं: रीस्टार्ट, रिपेअर, फॉरमॅट. त्याने घड्याळाशेजारच्या अँटिव्हायरसच्या आयकॉनवर राइट क्लिक करून दहा मिनिटांसाठी संरक्षण बंद केलं, सेंड-रिसीव्ह दाबलं, मेल अडकला. ‘‘मॅडम, अँटिव्हायरसचा इश्यू नाही. पीएसटी करप्ट आहे.’’ पीएसटी म्हणजे आउटलुक सगळे मेल जिच्यात साठवतं ती फाइल. मग आउटलुकबरोबर येणारं इनबॉक्स रिपेअर टूल चालवलं. त्याने किरकोळ चुका दाखवल्या, दुरुस्त केल्या, फरक शून्य. तेव्हा विंडोज फॉरमॅटची भाषा सुरू झाली. त्या पीएसटीमध्ये कित्येक वर्षांच्या पीओ आणि डेबिट नोट आहेत. मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. आउटलुक बंद करून पीएसटीची एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली. पुढे काय व्हायचं ते होवो, फाइल हाताशी असलेली बरी.

भाचा नेटवर्किंगमध्ये आहे. त्याला संध्याकाळी फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘मावशी, अँटिव्हायरस बंद केला की काढला?’’

मी म्हटलं, बंद केला.

‘‘मग काहीच केलं नाही. आयकॉनवरून बंद केलं की तो तपासणं थांबवतो, मधून उठतोच असं नाही.’’

मधून म्हणजे काय, ते त्याने नीट समजावलं. आउटलुकला वाटतं आपण थेट सर्व्हरशी बोलतोय. प्रत्यक्षात अँटिव्हायरसचा मेल तपासणारा भाग विंडोजच्या आत एक फिल्टर बसवतो. ११० किंवा ९९५ पोर्टवर (पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, हे दोन पॉप३चे) जाणारं कुठलंही कनेक्शन तो स्वतःकडे वळवून घेतो. मग सर्व्हरशी तो बोलतो आणि आउटलुकशीही तोच बोलतो. मोठा मेल आला की आधी पूर्ण स्वतःकडे घेतो, उलगडतो, झिप असेल तर फोडून आतली फाइल अन् फाइल बघतो, आणि मग पुढे सरकवतो. तेवढा वेळ आउटलुकच्या हाती एक बाइटसुद्धा पडत नाही. ते मिनिटभर वाट बघतं आणि फोन ठेवून देतं.

आमच्या बाबतीत हे जास्त का झोंबलं तेही मग लक्षात आलं. मेलमधून फाइल जाते तेव्हा तिच्या दर ३ बाइटची ४ अक्षरं होतात. म्हणजे १५ एमबीची झिप प्रवासात २० एमबीची होते. आणि झिपच्या आत असतात थ्रीडी मॉडेलच्या स्टेप फाइली. त्या मुळात साध्या मजकुरासारख्या लिहिलेल्या असल्यामुळे झिपमध्ये जबरदस्त दबतात, आणि फोडल्या की अवाढव्य होतात. माझा कॉम्प्युटर जुन्या हार्ड डिस्कवरचा. त्याच वेळी टॅलीचा बॅकअप चालू असला तर बघायलाच नको. पीओचा छोटा पीडीएफ बिनबोभाट सुटतो आणि ड्रॉइंग अडकतं, ते याच्यामुळे.

तेच मेल परत परत येण्याचं कारण तर मला फारच आवडलं. पॉप३चे नियम १९९६ साली आरएफसी १९३९ या दस्तऐवजात लिहिले गेले. त्यात असं आहे की प्रोग्रॅमने मेल उतरवून ‘हा पुसून टाक’ म्हटलं तरी सर्व्हर लगेच पुसत नाही, फक्त खूण करून ठेवतो. शेवटी प्रोग्रॅमने ‘क्विट’ म्हटलं की मगच खुणा केलेले मेल जातात. मध्येच कनेक्शन तुटलं तर एकही पुसायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे. आमच्या अकाउंटला सर्व्हरवर कॉपी न ठेवण्याचं सेटिंग होतं. आउटलुक छोटे मेल उतरवायचं, मोठ्यापाशी अडकायचं, क्विट म्हणायच्या आधीच कनेक्शन तुटायचं. सर्व्हरच्या दृष्टीने काही घडलंच नाही, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. नियम अगदी शहाणा आहे, त्यामुळेच आमचा एकही मेल हरवला नाही. ट्रान्सपोर्टवाल्याला बिचाऱ्याला उगीच बोलणी बसली, एवढंच.

पण हे सगळं भाच्याचं म्हणणं झालं. हार्डवेअरवाल्याचंही म्हणणं होतंच की. पुरावा काय? त्यावर भाच्याने जी चाचणी सांगितली ती मी आता सगळ्यांना करून दाखवते. विंडोजमध्ये टेलनेट नावाची जुनी सोय असते, तिने एखाद्या मशीनच्या एखाद्या पोर्टला कनेक्शन लागतंय का ते बघता येतं. ती हल्ली मुळात बंद असते. कंट्रोल पॅनलमधून विंडोज फीचर्समध्ये जाऊन ती टिकमार्क करून चालू करायची. मग भाचा म्हणाला, ‘‘आता ऑफिसच्या प्रिंटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा पत्ता, टाक, पुढे स्पेस देऊन ९९५.’’

‘‘प्रिंटरचा?’’

‘‘हो, प्रिंटरचाच. त्याच्यावर मेल सर्व्हर आहे का? नाही ना? मग कनेक्शन लागायलाच नको.’’

काळ्या खिडकीत टाइप केलं, एंटर मारलं, आणि खिडकी कोरी झाली. कर्सर कोपऱ्यात लुकलुकत राहिला. टेलनेटमध्ये कोरी खिडकी म्हणजे कनेक्शन लागलं. तोच आयपी, पोर्ट ९९६ टाकला, तर सरळ उत्तर: कनेक्शन उघडता आलं नाही. पुन्हा ९९५, पुन्हा कोरी खिडकी. ११० टाकला, तिथेही तेच. म्हणजे हॉलच्या कोपऱ्यातला आमचा जुना लेसर प्रिंटर, ज्याला कधीकधी कागद ओढायचाही कंटाळा येतो, तो मेल द्यायला तयार झाला होता! अर्थातच तो नव्हे. कनेक्शन कॉम्प्युटरच्या बाहेर पडायच्या आधीच आतल्या कुणीतरी उचललं होतं. आणि हे सगळं आयकॉनवर ‘संरक्षण बंद’ असा लाल फुलीचा शिक्का असताना.

दुसरा पुरावा सर्टिफिकेटचा, म्हणजे सर्व्हर खरा असल्याच्या ओळखपत्राचा. भाच्याने थंडरबर्ड हा दुसरा मेल प्रोग्रॅम उतरवून त्यात तोच आयडी टाकायला सांगितलं. टाकल्याबरोबर त्याने इशारा दिला की या सर्व्हरचं सर्टिफिकेट देणारा माझ्या ओळखीचा नाही. ते उघडून बघितलं. वरती आमच्या मेल सर्व्हरचं नाव बरोबर होतं, पण ‘दिलं कुणी’ या रकान्यात चक्क अँटिव्हायरस कंपनीचं नाव. घरच्या लॅपटॉपवर त्याच सर्व्हरचं सर्टिफिकेट उघडलं तर देणारा वेगळा, नेहमीचा. ९९५ वरचं बोलणं कुलूपबंद असतं. ते वाचायचं तर मधल्याला कुलूप उघडून पुन्हा स्वतःचं लावावं लागतं. मग आउटलुक इतके दिवस गप्प का होतं? कारण आउटलुक विंडोजच्या विश्वासू लोकांच्या यादीवर चालतं, आणि अँटिव्हायरसने इन्स्टॉल होतानाच आपलं नाव त्या यादीत घालून ठेवलं होतं. थंडरबर्डची यादी वेगळी असते, तिथे ते पोचलेलं नव्हतं.

या भागाचा मला खरं सांगायचं तर रागच आला. मेल उशिरा येणं एक वेळ समजू शकते. पण खऱ्या सर्व्हरचं सर्टिफिकेट मला दिसतच नाही, ते खरं की खोटं हे ठरवायचं काम परस्पर दुसऱ्याकडे गेलंय, आणि हे मला कुणी विचारलं नव्हतं. इन्स्टॉल करताना कुठल्या तरी पानावर लिहिलेलं असेलही. ते पान कोण वाचतं?

शनिवारी शॉप लवकर बंद होतं, तेव्हा काम काढलं. लायसन्स की कागदावर उतरवून घेतली, कारण काढल्यावर पुन्हा घालताना ‘ही की वापरलेली आहे’ म्हणून अडवलं तर डीलरच्या मागे धावावं लागतं. अँटिव्हायरस कंट्रोल पॅनलमधून काढला. मग त्याच कंपनीच्या साइटवर साफसफाईचं वेगळं टूल असतं, तेही चालवलं. साधं अनइन्स्टॉल केलं तर फिल्टरचे अवशेष मागे राहू शकतात असं भाच्याचं म्हणणं. रीस्टार्ट केल्यावर विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आपोआप जागा झाला, त्यामुळे मशीन उघड्यावर पडलं नाही. आधी प्रिंटरची चाचणी घेतली: कनेक्शन उघडता आलं नाही. प्रिंटर शुद्धीवर आला होता. मग वेबमेलमध्ये ‘अडकलेले’मधले मेल परत इनबॉक्समध्ये आणले आणि सेंड-रिसीव्ह दाबलं. पट्टी थोडी थोडी सरकत गेली, सगळी ड्रॉइंग्ज एका दमात उतरली, आणि शेवटी वेबमेलचा इनबॉक्स रिकामा. क्विट पोचलं होतं.

आता खरी वादावादी. काका म्हणाले, ‘‘मेल येतात ते ठीक, पण व्हायरस आला तर? पैसे कशाचे भरलेत?’’ प्रश्न रास्त होता. मागच्या गल्लीतल्या एका शॉपमध्ये रॅन्समवेअरने (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या व्हायरसने) सीएनसी प्रोग्रॅमचा अख्खा फोल्डर अडकवल्याचं सगळ्यांना माहीत होतं. मी त्यांना म्हटलं, अँटिव्हायरस काढून टाकायचा नाहीच आहे, त्याचा फक्त मेलमध्ये बसणारा भाग नको. अटॅचमेंट उघडली की ती आधी डिस्कवर लिहिली जाते, आणि डिस्कवर काहीही लिहिताना-वाचताना तपासणारा भाग वेगळा असतो. तो चालूच राहील. मेल येताना एकदा आणि उघडताना पुन्हा एकदा, अशी एकाच फाइलची दोनदा झडती घेऊन आमचं काय वाढीव भलं होत होतं?

काकांना तोंडी हिशोब चालत नाही, त्यांना पार्ट गेजवर लावून दाखवावा लागतो. म्हणून अँटिव्हायरस पुन्हा घातला. या वेळी ‘कस्टम’ निवडून ईमेल तपासणीची टिक काढली. मग आयकारची चाचणी फाइल केली. आयकार ही अँटिव्हायरस संशोधकांची युरोपातली संस्था. त्यांनी ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ ठरवून दिली आहे, आणि सगळे अँटिव्हायरस तिला मुद्दाम व्हायरस समजून पकडतात. नोटपॅडमध्ये ती ओळ चिकटवली, सेव्ह केली, आणि क्षणात कोपऱ्यात लाल खिडकी वर आली. फाइल गायब. काकांनी ते पुन्हा करायला लावलं. पुन्हा लाल खिडकी. मग म्हणाले, ‘‘ठीक आहे, राहू दे असं.’’

भाच्याने जाता जाता एक जास्तीची काळजी सांगितली, ती थंडरबर्ड वापरणाऱ्यांसाठी. थंडरबर्ड नेहमीच्या सेटिंगमध्ये इनबॉक्समधले सगळे मेल एकाच मोठ्या फाइलमध्ये एकाखाली एक लिहून ठेवतं. त्यात एक जरी मेल अँटिव्हायरसला संशयास्पद वाटला, तर तो अख्खी फाइलच उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइलींच्या कोठडीत, टाकू शकतो. सकाळी उघडावं तर इनबॉक्स रिकामा. थंडरबर्डच्या प्रायव्हसी आणि सिक्युरिटीच्या पानावर येणारा प्रत्येक मेल सुटा तपासायला देण्याचं एक सेटिंग आहे, ते चालू करून ठेवायचं, आणि क्वारंटाइनमधलं काहीही न बघता डिलीट करायचं नाही.

याच्यापेक्षा जुना प्रकार मी आधीच्या नोकरीत पाहिला होता, तो आता उलगडला. तिथे अँटिव्हायरस काढल्याबरोबर मेल पूर्ण बंद पडला होता. अकाउंटमध्ये सर्व्हरच्या जागी १२७.०.०.१ आणि यूझरनेमच्या शेपटीला हॅशचं चिन्ह लावून खऱ्या सर्व्हरचं नाव. १२७.०.०.१ म्हणजे हाच कॉम्प्युटर. त्या काळातले काही अँटिव्हायरस अकाउंटच्या सेटिंगमध्येच स्वतःचा पत्ता लिहून ठेवायचे. ते गेले तरी आउटलुक त्यांच्याच दारावर थापा मारत बसायचं. तेव्हा आम्ही नवीन अकाउंट बनवून वेळ मारून नेली होती. निदान तेव्हा मधला कोण आहे हे सेटिंगमध्ये लिहिलेलं तरी असायचं.

पुढे एका मोठ्या अपडेटनंतर मेल पुन्हा रेंगाळायला लागले. या वेळी कुणाला फोन केला नाही. टेलनेटची खिडकी उघडली, प्रिंटरचा आयपी टाकला, खिडकी कोरी. अपडेटने ईमेल तपासणी आपल्या मनाने परत बसवली होती. पुन्हा काढली आणि सेटिंगला पासवर्ड घातला. पासवर्डने अपडेट थांबत नाही हे मला माहीत आहे, तो हार्डवेअरवाल्यासाठी आहे.

रिन्यूअलच्या वेळी डीलरने तेच महागडं ‘टोटल’ पॅक पुढे केलं. मी फीचरची यादी मागवून घेतली आणि खालचं साधं पॅक घेतलं, ज्यात ईमेल तपासणी मुळातच नाही. डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर जुनं लायसन्स अजून चालू आहे. तिथे अपडेट झालं की मी प्रिंटरचा आयपी टाकून बघते.